मानपत्र आणि अविश्वास : पुरस्कृत राजकीय वार्तापत्राच्या वाचनाचा प्रश्न

२१ नोव्हेंबर २००३ रोजी अमेरिकेतील पुलित्झर पारितोषिक मंडळाने एक निवेदन प्रसिद्ध केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मॉस्को येथील बातमीदार वॉल्टर ड्युरांटी यांना १९३२ साली दिलेले पारितोषिक काढून घ्यावे, अशी मागणी त्या वर्षी जोराने पुढे आली होती. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या घटनेला सत्तर वर्षे पूर्ण होत असताना परदेशस्थ युक्रेनी संघटनांनी ही मोहीम चालविली होती. मंडळाने मागणी अमान्य केली. पारितोषिक १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेरा लेखांना दिलेले आहे, आजच्या निकषांनी पाहता त्या लेखांत गंभीर उणिवा आहेत, परंतु हेतुपुरस्सर फसवणुकीचा स्पष्ट व खात्रीलायक पुरावा त्या तेरा लेखांत आढळत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

साहित्याच्या अभ्यासकाला हा युक्तिवाद फार ओळखीचा वाटतो. संहितेच्या बाहेर जावयाचे नाही, लेखकाचे चरित्र, त्याचा हेतू आणि त्याचे उत्तरकालीन लेखन विचारात घ्यावयाचे नाही, ही नवसमीक्षेची शिस्त मंडळाने नकळत स्वीकारली होती. उलट बाजूने तक्रारदार जे म्हणत होते, ते जुन्या लेखकनिष्ठ समीक्षेला जवळचे होते. हा मनुष्य पुढे खोटे बोलला, तेव्हा याचा गौरव टिकू नये, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे पत्रकारितेच्या विश्वासार्हतेविषयीचा एक सार्वजनिक वाद प्रत्यक्षात वाचनपद्धतींचा वाद होता. पुरस्कारप्राप्त राजकीय पत्रकारितेविषयी सामान्य वाचकाच्या मनात जो अविश्वास दिसतो, त्याचा विचार बहुधा समाजशास्त्राकडे किंवा संज्ञापनशास्त्राकडे सोपविला जातो. प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, त्यातील मध्यवर्ती प्रश्न निवेदकाचा आहे, आणि तो आपल्या विद्याशाखेचा आहे. पुरस्कार मजकुराचा गौरव करतो तो त्यातील स्वराचा. वाचक शंका घेतो ती तो स्वर कोठून येतो याविषयी. या दोहोंची गाठ क्वचितच पडते.

पुरस्कारसंस्थांनी ही सरमिसळ आरंभापासूनच केलेली आहे. जोसेफ पुलित्झर यांच्या मृत्युपत्रानुसार १९१७ पासून दिल्या जाणाऱ्या पारितोषिकांत वृत्तपत्रीय लेखन आणि कादंबरी, नाटक, इतिहास, चरित्र हे ग्रंथलेखन एकाच छताखाली आले. आशियात रॅमन मॅगसेसे पुरस्काराचा एक विभाग दीर्घकाळ 'पत्रकारिता, साहित्य आणि सर्जनशील संज्ञापनकला' असा संयुक्तच होता. त्याच विभागात १९८२ मध्ये अरुण शौरी, १९८४ मध्ये आर. के. लक्ष्मण, १९९७ मध्ये महाश्वेतादेवी आणि २००७ मध्ये पी. साईनाथ यांचा सन्मान झाला. एका ओळीत ही नावे वाचताना सन्मान नेमका कशाचा, कथनाचा की कथिताचा, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. पुलित्झर यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपण ज्याला 'पीत पत्रकारिता' म्हणतो ती संज्ञा अमेरिकेत रूढ झाली तीच मुळी १८९० च्या दशकात त्यांचे 'न्यूयॉर्क वर्ल्ड' आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचे 'न्यूयॉर्क जर्नल' यांच्या चढाओढीतून. त्या दोघांपैकी एकाचे नाव पुढे पत्रकारितेच्या सर्वोच्च मानचिन्हाला मिळाले. दुसऱ्याचे नाव या निबंधात पुढे पुन्हा येणार आहे.

आता ड्युरांटी यांच्या लेखनाकडे वळू. १९३२ च्या मानपत्रात विद्वत्ता, सखोलता, विवेक आणि स्पष्टता यांच्या शेजारी निःपक्षपातीपणा हा गुण नोंदविला होता. १९३१ चे ते लेख पंचवार्षिक योजना आणि स्टालिन यांची राजवट यांविषयी आहेत. त्यांतील निवेदक सर्व काही जाणणारा आहे. तो शेतकऱ्यांशी किंवा कामगारांशी बोलताना क्वचित दिसतो. रशियन मन हे मूलतः आशियाई आहे, त्याला व्यक्तिस्वातंत्र्यापेक्षा सामूहिक जीवन आणि कठोर नेतृत्व मानवते, असे तो शांतपणे, वैतागाशिवाय समजावून सांगतो. पौर्वात्यवादाच्या चर्चेशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला हा स्वर लगेच ओळखू येईल. एका संपूर्ण समाजाचा स्वभाव एका वाक्यात सांगून टाकणारा, आणि म्हणूनच त्या समाजावर जे लादले जात आहे ते त्याच्या स्वभावाला धरूनच आहे असे सुचविणारा हा स्वर आहे. त्यात आवेश नाही, प्रचारकी विशेषणे नाहीत. अमेरिकेतील साम्यवादविरोधी वृत्तपत्रांच्या आरडाओरडीच्या तुलनेत तो समतोल भासला असल्यास नवल नाही. परंतु समतोल हा येथे शैलीचा गुण आहे. तो माहितीचा गुण आहे असे परीक्षकांनी धरून चालले. २००३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्याच विनंतीवरून हे लेखन तपासणारे कोलंबिया विद्यापीठातील इतिहासकार मार्क फॉन हागेन यांनी मुख्य दोष दाखविला तो हाच की, लेखकाने सोव्हिएत राजवटीचे स्वतःविषयीचे म्हणणे बऱ्याच अंशी तसेच्या तसे उचलले होते.

दुष्काळ नंतर आला. मार्च १९३३ मध्ये गॅरेथ जोन्स हा अठ्ठावीस वर्षांन नसलेला, अजून सत्ताविशीतला वेल्श तरुण परवानगीची पर्वा न करता आगगाडीतून उतरून युक्रेनच्या खेड्यांतून पायी हिंडला. त्याला रशियन भाषा येत होती. २९ मार्च रोजी बर्लिनमध्ये त्याने आपण पाहिलेला दुष्काळ जाहीर केला. त्याच आठवड्यात 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये माल्कम मगरिज यांचे लेख निनावी प्रसिद्ध झाले होते. ३१ मार्च रोजी ड्युरांटी यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जोन्स याचे खंडन केले. त्या खंडनाची भाषा तौलनिक अभ्यासकाने बारकाईने वाचावी अशी आहे. अन्नाची टंचाई गंभीर आहे हे त्यांनी मान्य केले. प्रत्यक्ष उपासमार नाही, उपासमारीने मृत्यू नाहीत, मात्र कुपोषणजन्य रोगांनी होणारे मृत्यू पुष्कळ आहेत, असेही लिहिले. म्हणजे वाक्यावाक्याने पाहता मृत्यू नाकारलेले नाहीत. त्यांचे नाव तेवढे बदललेले आहे. त्याच लेखात अंडी फोडल्यावाचून ऑम्लेट होत नाही ही पाश्चात्य म्हणही आली आहे. मराठीत अशा प्रसंगी 'सुक्याबरोबर ओलेही जळते' असे म्हणतात. आपल्या म्हणीत होरपळ आहे, पण त्या आगीवर कोणाचा स्वयंपाक चाललेला नाही. ड्युरांटी यांच्या म्हणीत मेलेले लोक हे एका पदार्थाचे साहित्य आहेत, आणि तो पदार्थ हवाच आहे हे गृहीत आहे.

जोन्स याने उत्तर दिले. ते 'न्यूयॉर्क टाइम्स'नेच १३ मे १९३३ रोजी छापले, हे त्या पत्राच्या बाजूने नमूद करणे न्याय्य होईल. या उत्तरात त्याने आपण किती खेड्यांत गेलो, कोणत्या प्रकारच्या लोकांशी बोललो, परकीय वकिलातींतील अधिकाऱ्यांकडून काय ऐकले, हे सांगितले आणि मग एक शुद्ध शैलीमीमांसा केली. अभ्यवेक्षणाखाली काम करणारे मॉस्कोतील बातमीदार सौम्य शब्दांचे उस्ताद झाले आहेत, दुष्काळाला ते टंचाई म्हणतात आणि भुकेने मरण्याचे रूपांतर कुपोषणजन्य रोगांच्या प्रसारात करतात, असे त्याने दाखवून दिले. पुरस्कृत वार्तापत्रावरील अविश्वासाचे मला ठाऊक असलेले हे सर्वांत नेमके उदाहरण आहे. त्यात शिवी नाही, हेतूचा आरोपही जवळजवळ नाही. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द का आला एवढेच विचारले आहे, आणि पुढे काय पाहिले ते सांगितले आहे. ड्युरांटी यांनी सप्टेंबर १९३३ मध्ये तो प्रदेश पाहिल्यानंतर मॉस्कोतील ब्रिटिश वकिलातीत खाजगीत सांगितलेला मृतांचा अंदाज एक कोटीपर्यंत जाणारा होता. तो आकडा छापून आला नाही. जोन्स १९३५ च्या ऑगस्टमध्ये, तिसावा वाढदिवस उजाडण्यापूर्वी, मांचुकुओच्या परिसरात मारला गेला. त्याला कोणतेही पारितोषिक मिळालेले नव्हते.

महाराष्ट्रातील वाचकाला 'टंचाई' या शब्दाशी येथे थोडे थांबावे लागेल. १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक अधिनियम करून राज्याच्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्दच वगळला आणि त्या जागी टंचाईवाचक शब्द आणला. दुष्काळ होऊ न देणे ही राज्याची जबाबदारी आहे, तेव्हा दुष्काळ होणारच नाही, अशी त्यामागची भूमिका होती. मेळघाटातील बालमृत्यूंच्या संदर्भात कुपोषण, भूकबळी आणि आजार या तीन शब्दांवरून १९९० च्या दशकात किती वाद झाले हे सर्वज्ञात आहे. महाराष्ट्र आणि १९३३ चे युक्रेन यांची बरोबरी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तशी बरोबरी करणे इतिहासाला आणि मृतांनाही अन्यायकारक होईल. सांगावयाचे ते इतकेच की, ड्युरांटी यांचे वाक्य ज्या व्याकरणाने चालते, ते व्याकरण मराठी वाचकाला परभाषेतून शिकावे लागत नाही.

येथपर्यंत पाहिल्यास निष्कर्ष सोपा वाटतो. पुरस्कार चुकला, अविश्वास बरोबर ठरला. परंतु १९३५ मधील एक प्रकरण हा निष्कर्ष टिकू देत नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी युक्रेनमधील दुष्काळाची छायाचित्रे आणि एक वृत्तांतमाला ठळकपणे छापली. थॉमस वॉकर या नावाने आलेला तो प्रवासी बनावट निघाला. छायाचित्रांपैकी बरीचशी १९२१-२२ च्या जुन्या दुष्काळातली होती, आणि १९३३ चा दुष्काळ या मालिकेत १९३४ मध्ये घडविला गेला होता. 'द नेशन' या साप्ताहिकात लुई फिशर यांनी हे उघड केले. फिशर यांचे खंडन बिनतोड होते. मात्र स्वतः फिशर यांनीही प्रत्यक्ष दुष्काळाच्या काळात त्याचे गांभीर्य झाकून ठेवलेले होते. म्हणजे खरा दुष्काळ खोट्या चित्रांनी सिद्ध करू पाहणारा एक मालक, आणि ती चित्रे खोटी आहेत हे खरे सांगून खरा दुष्काळ दृष्टीआड करण्यास हातभार लावणारा एक लेखक, अशी ही विलक्षण जोडी आहे. पुढील अनेक दशके दुष्काळ नाकारणाऱ्यांनी या चित्रांचा हवाला दिला. पक्षपात आणि असत्य ही दोन टोके एकमेकांवर बसत नाहीत हे यातून दिसते. हर्स्ट यांचा पक्षपात त्यांना सत्याच्या जवळ घेऊन गेला होता, आणि त्यांच्या पत्रांच्या बेफिकिरीने ते सत्य नासविले. समतोल पत्र आणि पक्षपाती पत्र यांतून निवड करणाऱ्या त्या काळच्या प्रामाणिक अमेरिकन वाचकाने काय करावयास हवे होते, याचे उत्तर मला देता येत नाही. त्याने जोन्स याचे पत्र वाचले असते तर, एवढेच म्हणता येते.

दुसऱ्या प्रकारच्या उदाहरणांकडे आता थोडक्यात वळतो. ड्युरांटी यांच्या बाबतीत प्रश्न दृष्टीचा होता. जॅनेट कुक यांच्या बाबतीत तो उघड बनावटीचा होता. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये सप्टेंबर १९८० मध्ये आलेली, हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची त्यांची कहाणी १९८१ च्या एप्रिलमध्ये पुलित्झरची मानकरी ठरली आणि दोन दिवसांत परत करण्यात आली, कारण तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. हे उघडकीला आले ते मात्र कहाणीच्या परीक्षणातून नव्हे. लेखिकेने स्वतःच्या शिक्षणाविषयी दिलेली माहिती चुकीची निघाली म्हणून चौकशी सुरू झाली. संहितेचा पडदा चरित्राच्या बाजूने फाटला.

जर्मनीतील क्लास रेलोटिअस यांचे प्रकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. 'डेअर श्पीगेल' या साप्ताहिकाच्या या वार्ताहराने जर्मन वार्ताहर पुरस्कार चार वेळा पटकावला होता. त्यातला शेवटचा डिसेंबर २०१८ च्या आरंभी, एका सीरियन मुलावरील लेखासाठी. आपल्या एका भिंतीवरच्या लिखाणातून युद्धाला तोंड फुटले असे मानणारा तो मुलगा होता. त्याच महिन्यात साप्ताहिकाने स्वतःच जाहीर केले की, या लेखकाने अनेक वृत्तांतांत पात्रे, संवाद व प्रसंग रचलेले आहेत. हे शोधून काढले ते अमेरिका-मेक्सिको सीमेवरील एका लेखात त्यांचे सहलेखक असलेल्या हुआन मोरेनो यांनी. त्यांच्यावर आरंभी विश्वास ठेवला गेला नाही. ते स्वखर्चाने अमेरिकेत जाऊन त्या लेखातील माणसांना भेटले. त्याआधी २०१७ मध्ये मिनेसोटा राज्यातील फर्गस फॉल्स या गावावर रेलोटिअस यांनी लिहिलेला लेख त्या गावातील दोघा रहिवाशांनी ओळीओळीने तपासला होता आणि त्यातील असत्ये नोंदवून ठेवली होती. ट्रम्प यांना मते देणारे गाव कसे असेल याविषयी हँबुर्गमधील वाचकाची जी कल्पना होती, ती त्या लेखाने तंतोतंत पुरविली होती.

रेलोटिअस यांचे लेखन वाचताना आपल्याला कथेची ओळख पटते. प्रत्येक तपशील अर्थपूर्ण आहे. पार्श्वभूमीला वाजणारे गाणे, भिंतीवरची पाटी, शेवटच्या परिच्छेदात परतणारी प्रतिमा, सारे काही जागच्या जागी बसते. लघुकथेच्या समीक्षेत ज्याला आपण एकात्मता म्हणतो ती येथे परिपूर्ण आहे, आणि तिनेच शंका यावयास हवी होती. प्रत्यक्षातून आणलेल्या वृत्तांतात असे काही तरी उरते जे कथेत बसत नाही. एखादा साक्षीदार भलतेच बोलतो. एखादा आकडा जुळत नाही. मराठीत अनिल अवचट यांच्या समाजचित्रणपर लेखनात हे उरलेले दिसते. लेखक गोंधळतो, कंटाळतो, आपल्याला कळले नाही असे सांगतो. परीक्षक ज्या गुणाला बक्षीस देतात तो गुण अशा लेखनात कमी भरतो, आणि वाचकाचा विश्वास मात्र तेथेच बसतो. हा योगायोग नसावा.

'श्पीगेल'चे प्रकरण बाहेर येताच जर्मनीतील अमेरिकन राजदूत रिचर्ड ग्रेनेल यांनी साप्ताहिकाच्या अमेरिकाद्वेषाची तक्रार केली, आणि 'ल्युगेनप्रेस' म्हणजे लबाड छापखाना असे ज्यांनी वृत्तपत्रांना आधीच नाव ठेवले होते त्यांना पुरावा मिळाल्याचे समाधान वाटले. हा जुना शब्द नाझी प्रचाराने वापरलेला होता. २०१४ साली जर्मन भाषाभ्यासकांच्या एका निवडसमितीने त्याला वर्षाचा 'अशब्द' ठरविले होते. आपल्याकडील शब्दांशी त्याची तुलना उद्बोधक आहे. एप्रिल २०१५ मध्ये केंद्रीय मंत्री व्ही. के. सिंह यांनी वापरलेला 'प्रेस्टिट्यूट' हा शब्द पत्रकाराच्या देहविक्रयाचे रूपक करतो. २०१९ चे मॅगसेसे पुरस्कारविजेते रवीश कुमार यांनी रूढ केलेला 'गोदी मीडिया' हा शब्द मांडीवर बसलेल्या बाळाचे. मराठीतील 'विकाऊ पत्रकार' बाजाराचे. पैकी जर्मन शब्दच तेवढा लबाडी, म्हणजे मजकुराचा दोष, सांगतो. आपले तिन्ही शब्द मजकुराविषयी काहीच बोलत नाहीत. ते नाते सांगतात. पत्रकार कोणाच्या जवळ आहे, कोणाच्या पैशावर आहे, एवढाच त्यांचा विषय आहे. भारतीय भाषांतील माध्यमविषयक अविश्वास हा असत्याविषयीचा नसून आश्रयाविषयीचा आहे, असे मी यावरून सुचवू इच्छितो. शब्दांच्या इतक्या तुटपुंज्या नमुन्यावर यापेक्षा अधिक भार टाकणे मात्र योग्य नाही.

अशा अविश्वासाची मर्यादाही पाहिली पाहिजे. १९८५ मध्ये व्हॅलोन, रॉस आणि लेपर या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ च्या बैरूतमधील हत्याकांडाची दूरचित्रवाणीवरील तीच वृत्तचित्रे इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखविली. दोन्ही गटांना ती आपल्याविरुद्ध झुकलेली वाटली. वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्ताला याहून चोख उदाहरण मिळणे कठीण. २०१८ चे राष्ट्रीय वार्तांकनाचे पुलित्झर २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीतील रशियन हस्तक्षेपाच्या वृत्तांकनासाठी 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' यांना विभागून मिळाले. डोनाल्ड ट्रम्प यांनी ते परत घेण्याची मागणी केली. दोन स्वतंत्र परीक्षणे करवून जुलै २०२२ मध्ये मंडळाने सांगितले की, पुरस्कृत मजकुरातील कोणताही भाग पुढे आलेल्या माहितीने खोटा ठरलेला नाही. त्यानंतर त्याच वर्षी ट्रम्प यांनी मंडळाच्या सदस्यांवर फ्लोरिडात बदनामीचा दावा लावला. येथे २००३ चाच युक्तिवाद, म्हणजे मजकूर पाहा, पुन्हा आला. पण ही दोन प्रकरणे एका मापाने मोजणे चूक ठरेल. ड्युरांटी यांच्याविरुद्ध बोलणारे मृतांचे वंशज होते आणि त्यांच्यापाशी पुरातत्त्वागारे, वकिलातींचे कागद, इतिहासकारांचे ग्रंथ होते. येथे बोलणारी व्यक्ती स्वतः त्या बातम्यांचा विषय होती. अविश्वासाचेही वाचन करावयाचे तर तो कोण व्यक्त करतो, कोणाला गप्प करण्यासाठी व्यक्त करतो, हे विचारावे लागते. निवेदकाला लावलेला प्रश्न शंकेखोर वाचकालाही लागू आहे.

मराठी वृत्तपत्रांच्या नावांत या प्रश्नाचा एक संक्षिप्त इतिहास दडलेला आहे. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी काढलेले पत्र 'दर्पण' होते. आरसा स्वतः कोणाचा नसतो, अशी त्या नावामागची श्रद्धा. पुढे 'प्रभाकर', 'ज्ञानप्रकाश' ही प्रकाशाची नावे आली. १८७७ चा 'दीनबंधु', १८८१ चा 'केसरी', १८८८ चा 'सुधारक' येईपर्यंत आरसा आणि दिवा मागे पडून एक बोलणारी, नाते जाहीर करणारी व्यक्ती नावात उभी राहिली. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील पत्रांकडे पाहता त्यांतील पुष्कळशी विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत, असे निदान मांडले. हा वृत्तपत्रांवरील अविश्वासच होता. त्याची परिणती सर्वच पत्रे खोटी असे म्हणण्यात झाली नाही, तर नवे पत्र काढण्यात झाली, आणि त्या पत्राने आपण कोणाच्या वतीने बोलतो हे नावातच सांगितले. निःपक्षपाताचे मानपत्र आपल्या या परंपरेत फारसे कोणी मागितलेलेच नाही. आज ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा होतो आणि दर्पणकारांच्या नावे पुरस्कार दिले जातात, तेव्हा आपण पुन्हा आरशाकडे वळलो आहोत काय, असा विचार मनात येतो.

या दृष्टीने साईनाथ यांचे उदाहरण तपासण्याजोगे आहे. देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांपैकी दहा जिल्ह्यांत हिंडून त्यांनी लिहिलेल्या वृत्तांतांचे पुस्तक १९९६ मध्ये इंग्रजीत आले. हेमंत कर्णिक यांनी केलेल्या मराठी अनुवादाचे नाव 'दुष्काळ आवडे सर्वांना' आहे. हिंदी अनुवाद 'तीसरी फसल' या नावाने आला. हिंदी नाव मजकुरातून, दुष्काळी मदत हे तिसरे पीक मानणाऱ्या लोकांच्या उपरोधातून आलेले आहे. मराठी नावात राज्याच्या कायद्याने पुसलेला शब्द पहिल्याच स्थानी उभा आहे. अनुवादकाने हे हेतूने केले असो वा नसो, मराठीत त्या नावाचा अर्थ वाढतो. साईनाथ यांचा निवेदक पक्षपाती आहे आणि तो ते लपवीत नाही. त्याचबरोबर तो गावाचे नाव, माणसाचे नाव, अंतर, मजुरी, योजनेचा खर्च सांगत जातो. ज्याला हे खोटे वाटते त्याने त्या गावी जावे, एवढी सोय मजकुरातच ठेवलेली असते. रेलोटिअस यांच्या लेखातील गावी दोघे रहिवासी आधीपासूनच होते, हे त्यांचे दुर्दैव.

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर साईनाथ यांनीच 'पेड न्यूज'चे प्रकरण मांडले, ते पाठचिकित्सेच्या मार्गाने. एका प्रमुख नेत्याची स्तुती करणारा मजकूर परस्परांचे स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापलेला आढळला. पोथ्यांच्या संशोधनात समान पाठावरून आपण समान मूळ प्रत गृहीत धरतो. येथेही समान वाक्यांमागे एक मूळ प्रत होती आणि ती कोणत्याही संपादकीय विभागात तयार झालेली नव्हती, असाच तर्क निघतो. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीचा या विषयावरील सविस्तर अहवाल २०१० मध्ये तयार झाला. परिषदेने प्रथम त्याचा संक्षेपच प्रसिद्ध केला आणि संपूर्ण पाठ माहिती अधिकाराच्या आदेशानंतर बाहेर आला. मराठी वाचकाने त्या काळात आपल्या दैनिकावर अविश्वास दाखविला असेल तर त्याला कोणी अडाणी म्हणू नये.

पुरस्कृत वार्तापत्रे आपण अभ्यासक्रमात लावतो ती बहुधा मानपत्राच्या शिफारशीवर, आणि पुरस्कार मिळाला नसलेली त्याच घटनेवरील वार्तापत्रे शेजारी ठेवीत नाही. ड्युरांटी यांचा ३१ मार्च १९३३ चा लेख, जोन्स याचे १३ मे चे पत्र आणि हर्स्ट पत्रांतील १९३५ ची मालिका ही तिन्ही एकत्र वाचावयास दिली, तर निःपक्षपात हा शब्द विद्यार्थी किती जपून वापरतील हे पाहण्यासारखे आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या पुलित्झरविजेत्यांच्या यादीत ड्युरांटी यांचे नाव ठेवले आहे. त्या नावाखाली एक टीप आहे. या वृत्तांकनाची विश्वासार्हता याच पत्रातील आणि अन्यत्रच्या इतर लेखकांनी संपुष्टात आणली आहे, अशा आशयाची ती एक ओळ आहे. त्या इतर लेखकांत जोन्स मोडतो किंवा कसे, हे टिपेत सांगितलेले नाही.